गरम इंजिन लगेच बंद करू नये

सिहोरा,
१२ डिसेंबर २०२३

टर्बोवाले यांस,

या नावावर रागावू नका. आपल्या ट्रॅक्टरला टर्बो बसवलात, गावात आता तुमची तेवढीच ओळख उरली आहे. फोन केला तर तुम्ही उचलत नव्हता, पुढे तर नंबरच बंद लागायला लागला. म्हणून पत्र. पत्राचं एक बरं असतं, फाडून टाकायचं म्हटलं तरी एकदा हातात घ्यावंच लागतं.

राजनांदगावच्या गॅरेजचा पत्ता भैय्यालालभाऊंनी आणून दिला. ते तिकडे बहिणीकडे गेले होते. रस्त्याकडेला दुरुस्तीला आलेल्या हार्वेस्टरची रांग होती आणि एका हार्वेस्टरखालून तुमचे पाय बाहेर आलेले दिसले म्हणे. पायांवरून ओळखलं. हाक का मारली नाही विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, थो बोलला नसता." बायकोला नवऱ्याचा पत्ता शेजाऱ्याकडून मिळावा आणि तोही पायांवरून, हे मला लागलं. असू द्या.

आम्ही दोघं बरे आहोत. दोघं म्हणजे मी आणि मामाजी. तुमच्या वडिलांचं बोलणं आधीच कमी, आता तर चहाला हो आणि भाजीला नाही एवढंच. मोठेबाबा गेल्यापासून त्यांच्या ओसरीवर बसायला जाणंही बंद झालं. भाऊ गेला आणि मुलगा गेला, एकाच पंधरवड्यात. दिवसभर ते एका खाटेवर आणि मी एका चुलीपाशी असं चाललंय.

त्या दिवसाचं लिहिणार नव्हते. पण तुम्ही तिकडे एकटे बसून ते इतक्यांदा घोळवलं असेल की आता तुमच्याजवळ तुमची एकट्याचीच बाजू राहिली असेल. मी गावाच्या टोकाशी बायकांमध्ये उभी होते. मला सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं.

मोठेबाबांच्या सरणाची लाकडं तुम्हीच ट्रॅक्टरने नेत होता. ट्रॉली गच्च भरलेली, तलावाच्या पाळीची चढण, टर्बोची शिट्टी बायकांपर्यंत ऐकू येत होती. तुम्ही वर पोचलात आणि मागून तिरडी आली, तीही तिथेच विसाव्याला ठेवली. मयत समोर आली की आपल्याकडे माणूस सायकलवरून उतरतो, आटाचक्कीवाला पट्टा थांबवतो. तुम्ही उतरलात, हात जोडले, पण इंजिन तसंच चालू. मामाजी ओरडले, "इश्वर, बंद कर थे!" तुम्ही म्हणालात, "दोन मिनिटं, बाबा. गरम आहे." सख्ख्या भावाला खांदा देऊन आलेला माणूस, त्याला दोन मिनिटं थांब म्हणालात. मामाजी स्वतः वर चढले आणि दांडी ओढून इंजिन बंद केलं.

इथपर्यंत मी तुमच्या बाजूची आहे. टर्बोला तसं बंद केलेलं चालत नाही हे मला ठाऊक आहे. तुम्हीच अंगणात बसवून शिकवलं होतं. सायलेन्सरमधून जो गरम धूर फुकट जातो त्याच्या वाटेवर एक चाक, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चाक. धूर एकाला फिरवतो, दुसरं बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. हवा भरपूर मिळाली की डिझेल पुरतं जळतं, तेवढ्याच डिझेलमध्ये जास्त काम होतं. तो दांडा तेलाच्या पातळशा थरावर फिरतो. इंजिन थांबलं की तेल थांबतं, दांडा मात्र तापलेला, फिरतच राहिलेला. आतलं तेल जळून काजळी होते. म्हणून ओढीचं काम झालं की आधी इंजिन नुसतं सावकाश चालू द्यायचं, टर्बो निवला की मग बंद करायचं.

तेव्हा मामाजी म्हणाले होते, "धुरावर इंजिन चालवतो म्हने! उद्या राखेवर भात शिजवन." तुम्ही हसला होता. मीही.

पण पाळीवर इंजिन थांबल्यावर तुम्ही जे बोललात, त्यात मी तुमच्या बाजूची नाही. शिट्टीचा आवाज घरघरत थांबला आणि भर मयतीत तुम्ही म्हणालात, "घ्या, आता हेही मेलं." तिरडीवर मोठेबाबा होते. ज्यांनी तुम्हाला खांद्यावर बसवून मंडईची जत्रा दाखवली ते मोठेबाबा. त्यांना आणि लोखंडाला तुम्ही एका ओळीत बसवलं. मग मामाजी जे बोलले ते अख्ख्या गावाने ऐकलं: "माह्या मयतीले येजो नोको. माह्या तिरडीले हात लावजो नोको."

तेराव्या दिवशी तेरवी झाली आणि तुम्ही निघून गेलात. मला सांगूनसुद्धा नाही.

मी न्यायला येईन असं वाटत असेल तर विसरा. म्हाताऱ्याला एकटं टाकून मला येता येत नाही, आणि येता आलं असतं तरी मी आले नसते. मला एकच हवं आहे. त्यांनी तो शब्द मागे घ्यावा आणि तो ऐकायला तुम्ही असावं. एकुलता एक मुलगा असून बापाला दुसऱ्याने अग्नी द्यावा, असं मी माझ्या डोळ्यांदेखत होऊ देणार नाही.

रुखमिणी

सिहोरा,
१८ फेब्रुवारी २०२४

टर्बोवाले यांस,

पत्राचं उत्तर आलं नाही, पार्सल आलं. पोस्टमन म्हणाला, "काय हो, दगड मागवले का?" उघडलं तर टर्बोचा मधला भाग, नवाकोरा, तेलकट. भोवती गुंडाळलेले सगळे पेपर मी सरळ करून पाहिले, कुठे दोन ओळी आहेत का म्हणून. कुठेच नाहीत. खोक्यावर तुमच्या अक्षरात तेवढं लिहिलेलं: "ऑइल फिल्टर नवीन टाकणे." मी इतकं लिहिलं, त्याला ही चिठ्ठी! तीसुद्धा मला लिहिली की खोक्याला, ते कळत नाही.

तरी ते खोकं मी फेकलेलं नाही.

मंगेश मिस्त्री तुमसरहून येऊन बसवून गेला. तुम्ही गेल्यावर त्यानेच जुना टर्बो उतरवून पहिल्यासारखी नळी जोडून दिली होती, तेव्हापासून ट्रॅक्टर नुसता रेटत होता, चढणीवर काळा धूर. आता पुन्हा शिट्टी वाजते. पहिल्यांदा वाजली तेव्हा मामाजी खाटेवर पडले होते. उठून बसले. "कोन आला?" म्हणाले. मी म्हटलं, कोणी नाही, मंगेश पाहून राहिला. ते परत आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून.

आणि हो, ट्रॅक्टर आता मीच चालवते. भैय्यालालभाऊंनी शिकवलं. सुरुवातीला धानाच्या दोन बांध्यांच्या कडेचे मातीचे धुरे सपाट केले, त्यातली एक बांधी त्यांचीच. ते काही बोलले नाहीत, त्यांची बायको बोलली. उन्हाळी धानाची चिखलणी मी केली. गाव पाहायला आलं होतं. दोन दिवस पाहिलं, मग त्यांनाही कामं होती.

एक सांगते, ते कोणापाशी बोलता येत नाही. तुम्ही शेतातून आलात की इंजिन दारात सावकाश वाजत राहायचं. तो आवाज आला की मी ताट घ्यायचे. भात, वरण, भाजी, कांदा. इंजिन थांबेपर्यंत ताट वाढून व्हायचं आणि तुम्ही हात धुवून आत यायचे. आता मी शेतातून येते, इंजिन तसंच वाजत ठेवते आणि ट्रॅक्टरवर बसून राहते. आत कोणी ताट घेत नाही. तेवढा वेळ मला फार जड जातो. वाटतं, द्यावं बंद करून, जळलं तर जळू दे. पण करत नाही.

रुखमिणी

सिहोरा,
२१ जुलै २०२४

टर्बोवाले यांस,

आज जे घडलं ते आजच लिहायला हवं. अंगाला चिखल आहे, हात तेवढे धुतलेत.

रोवणी जोरात चालू आहे. बाया बांधीत वाट पाहत उभ्या, रोवायला उपटून आणलेल्या पऱ्ह्यांच्या जुड्या धुऱ्यावर टाकलेल्या, म्हणून मी सकाळपासून एकसारखी चिखलणी करत होते. दुपारी दारात आले तेव्हा डोकं चालत नव्हतं. उतरता उतरता मी सरळ दांडीला हात घातला.

"राहू दे."

मामाजी. ओसरीवरून. मी थांबले. ते काठी टेकत अंगणात आले, ट्रॅक्टरजवळ उभे राहिले. म्हणाले, "गरम आहे थे. दोन मिनिटं राहू दे."

ते उभे होते आणि मी वर बसलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सायलेन्सरकडे पाहत होते. मग हाताने खूण केली, आता कर. मी बंद केलं. ते परत खाटेवर जाऊन बसले आणि म्हणाले, "भाजी कायची आहे?"

मी चुलीपाशी जाऊन रडले. मला राग आला होता हो. हेच दोन शब्द पाळीवर म्हटले असते तर! तुम्हीसुद्धा, तुमचं ते एक वाक्य गिळलं असतं तर! तुम्ही दोघं एका मुशीतले, आणि मधल्या मध्ये मी.

आज जेवताना तीन ताटं घेतली गेली माझ्याकडून. मामाजींनी पाहिलं. तिसरं ताट उचल म्हणाले नाहीत.

रुखमिणी

सिहोरा,
पोळा, २ सप्टेंबर २०२४

ऑइल फिल्टर मिळालं. पत्राला उत्तर म्हणून फिल्टर पाठवणारा नवरा साऱ्या भंडारा जिल्ह्यात माझाच असेल.

आपल्याकडे बैल राहिले नाहीत, तर मामाजी म्हणाले, ट्रॅक्टरले ओवाळ. मी ओवाळलं. त्यांनी आपल्या हाताने टर्बोच्या नळीला हळदकुंकू लावलं. भैय्यालालभाऊ हसले तर म्हणाले, "हसतं काहून? कामाचं आहे."

मी म्हटलं, मामाजी, हे पत्रात लिहू का? "लिही का नोको लिही, मले काय कराचं?" असं म्हणाले, आणि अर्ध्या घटकेनं विचारलं, "पत्रं भेटते का त्याले?"

फिल्टर येतं म्हणजे भेटत असेल, असं मी म्हटलं. खरं ना?

सिहोरा,
५ ऑक्टोबर २०२४

हे पत्र मिळाल्याबरोबर निघा. बाकीचं वाचत बसू नका. वाचायचंच असेल तर गाडीत वाचा.

मामाजी अंथरुणाला खिळलेत. छातीत पाणी झालं आहे. तुमसरला दाखवलं, त्यांनी भंडाऱ्याला न्यायला सांगितलं, तिथून आठवड्याने घरी सोडलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले. म्हातारा हुशार, मी खोलीत परत आले तर म्हणाले, "किती दिवस म्हनलं त्यानं?" मी म्हटलं, तसं काही नाही. "तुले खोटं बोलता येत नाही," म्हणाले.

आज सकाळी त्यांना उशीला टेकवून बसवलं. पेज पाजत होते. दोन घोट घेतले आणि मला थांबवलं. शब्दाला शब्द लिहिते.

म्हणाले, "माही लाकडं आपल्याच ट्रॅक्टरनं नेजा."

मी म्हटलं, "असं काहून बोलता मामाजी?"

"आयक. पाळीवर चढून गरम होईल थे. कोनी बंद कर म्हनलं तं करू नोको. माही मयत थांबन दोन मिनिटं. मले कोनती घाई आहे?"

मी म्हटलं, "चालवंल कोन?"

"ज्यानं टर्बो बसवला थो."

मी पेजेची वाटी खाली ठेवली. मी म्हटलं, "तुमीच तं त्याहीले येऊ नोको म्हनलं होतं."

यावर ते चिडले. खरंच चिडले, खोकला आला. म्हणाले, "मयतीले येऊ नोको म्हनलं होतं. घरी येऊ नोको म्हनलं का मी? वर्ष झालं. एक दिवस येऊन दारात उभा राहिला असता तं मी काय दार लावलं असतं?"

"मंग मयतीचं?" मी विचारलं. मला पक्कं करून घ्यायचं होतं.

त्यांनी आधी खोकला आवरला. मग म्हणाले, "जो लाकडं आनन, त्यालेच सरनाले विस्तू द्या लागते. लिही त्याले."

लिहिलं. ऐकलंत ना? शब्द मागे घेतला आहे, अग्नी तुम्हीच द्यायचा. जे मला हवं होतं ते झालं, आता फक्त तुम्ही हवे आहात. अजून त्यांना ओळख आहे, ऐकू येतं. मी रोज ट्रॅक्टर थोडा वेळ सुरू करते तर त्या आवाजाने डोळे उघडतात. पाहतात, मी दिसते, परत मिटतात.

या हो. मला फार एकटं वाटतंय. आजपर्यंत हे सरळ लिहिलं नव्हतं, आज लिहिते.

रुखमिणी

सिहोरा,
२४ ऑक्टोबर २०२४

इश्वर,

माझं मागचं पत्र तुम्ही वाचलेलं नाही. आता मला ते कळलं आहे. मामाजी गेले तेव्हा भैय्यालालभाऊंनी बहिणीला गॅरेजवर धाडून मालकाचा नंबर मिळवला आणि फोन लावला, हे मला आधी सुचायला हवं होतं. मालक म्हणाला, तो पंधरा दिवसांपासून हार्वेस्टरसोबत खेड्यांवर आहे, निरोप पोचवतो. मी तेव्हा दुःखात होते, पंधरा दिवस या शब्दाकडे माझं लक्ष गेलं नाही. पत्र गॅरेजवर पडून राहिलं आणि तुम्हाला नुसता निरोप मिळाला, बाप गेला एवढाच. आणि तुमच्याजवळ जुना शब्द होता, येऊ नको म्हणून.

लाकडं मी नेली. दुपारपर्यंत तुमची वाट पाहिली, मग मोठेबाबांचा भुपेंद्र म्हणाला, "वहिनी, आता थांबता येत नाही. ट्रॅक्टर मी नेतो." मी दिला नाही. बाईमाणूस सरणाची लाकडं घेऊन जाते म्हणून गाव कुजबुजलं, कुजबुजू दे. गच्च भरलेली ट्रॉली घेऊन पाळीवर चढले. शिट्टी वाजत होती. मागून तिरडी आली आणि विसाव्याला ठेवली.

सगळे थांबले. मी उतरले नाही. इंजिन सावकाश चालू ठेवून बसले. भुपेंद्र म्हणाला, "वहिनी, बंद करा." आणखी दोघं-तिघं म्हणाले. एक म्हातारा म्हणाला, "लेकानं तेच केलं, आता सूनही तेच करते." मी सांगितलं, मामाजींनी सांगितलं आहे. त्यांनी विश्वास ठेवला की नाही, ठाऊक नाही. पण वर चढून दांडी ओढायला आता कोणी नव्हतं.

तेव्हा मला तुम्ही दिसलात.

तलावाच्या पलीकडच्या काठाला, मोहाच्या झाडाखाली. मोटारसायकल बाजूला लावलेली, हात जोडलेले. किती वाळलात. मला आधी खरंच वाटलं नाही. मग तुम्ही खाली वाकून जमिनीला हात लावला, तेव्हा ओळखलं. बापाने येऊ नको म्हटलं म्हणून पाण्याच्या पलीकडे उभे राहिलात. तिरडीला हात लावू नको म्हटलं, तर मातीला लावला.

मी हाक मारली. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत मी तुमचं नाव कधी घेतलं नाही. त्या दिवशी घेतलं. सगळ्या मयतीसमोर, "इश्वर" म्हणून ओरडले. दोनदा. माझ्या खाली इंजिन वाजत होतं आणि तुम्ही खूप लांब होता. तुम्हाला ऐकू गेलं नाही.

माझा हात दांडीवर होता. ओढली असती तर एका क्षणात सगळं शांत झालं असतं आणि माझी हाक पलीकडे पोचली असती. पण समोर मामाजी होते. बंद करू नको म्हणाले होते. त्यांचं शेवटचं मागणं तेवढंच. मी भैय्यालालभाऊंना खुणेने सांगत होते, पलीकडे पाहा, पलीकडे, पण त्यांना वाटलं मी रडते आहे. रडत तर होतेच.

मग इंजिन निवलं आणि मी बंद केलं. शिट्टी थांबली. मी परत तुमचं नाव घेऊन ओरडले. आता सगळ्यांना ऐकू गेलं, सगळे वळून पाहायला लागले. झाडाखाली कोणी नव्हतं.

अग्नी भुपेंद्रने दिला. मी होऊ देणार नाही म्हटलं होतं, ते माझ्या डोळ्यांदेखत झालं.

गॅरेजवर पोचलात की आधीचं पत्र उघडा. पाच तारखेचं. त्यात मामाजींचं बोलणं शब्दाला शब्द आहे. ते वाचल्यावर तुम्हाला फार त्रास होईल, मला माहीत आहे. तरी वाचा. त्यांनी तुम्हाला बोलावलं होतं. तुम्हाला न बोलावता ते गेले असं तुम्ही आयुष्यभर समजत राहाल, ते मला चालणार नाही.

मामाजींची खाट मी अजून उचललेली नाही. घरात आता एकटीच आहे. सकाळी ट्रॅक्टर सुरू करते, कोणी डोळे उघडत नाही.

तेरवी तीन तारखेला आहे. तिला तुम्हाला कोणी येऊ नको म्हटलेलं नाही, आणि नंतरच्या कुठल्याच दिवसाला नाही. फाटक लावत नाही मी. दारात इंजिन वाजलं की ताट घ्यायची माझी सवय गेलेली नाही. मोटारसायकलने आलात तरी चालेल. फक्त आल्या आल्या बंद करू नका. मला वाढायला वेळ लागतो.

रुखमिणी